कोरी उजवी पाने

४ सप्टेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

विमा कंपनीतली अनुवादकाची नोकरी सोडून तू शाळेतला माझा बुधवारचा तास घेतलास, हे तुझ्या बाबांकडून कळले. शाबासकी नंतर देईन. आधी एक कोडे घालते.

लिफ्टमध्ये किंवा स्थानकावर एकच सूचना दोन भाषांत सांगतात. तू ती शेकडो वेळा ऐकली असशील, आणि दोन्ही भाषा तुला येतात. तरीही सूचना संपल्यावर कोणी विचारले की शब्द नेमके काय होते, तर आपल्या सवयीच्या भाषेतले वाक्य तेवढे सांगता येते. दुसरे वाक्य शेजारच्या खोलीत कोणी गुणगुणावे तसे निघून गेलेले असते. दोन्ही वाक्ये सारख्याच आवाजात आली, मग एकच आत का शिरले?

मला सापडलेले उत्तर असे. कान आळशी नसतो, काटकसरी असतो. हेच पुन्हा सोप्या भाषेत मिळणार आहे हे एकदा त्याला कळले, की पहिल्या वेळी तो विश्रांती घेतो. म्हणजे जे दोनदा सांगितले जाते, ते एकदाच ऐकले जाते.

एकतीस वर्षे मी बाहुल्यांचा खेळ केला तो या एका गोष्टीवर. पेटी पाठवली आहे. तिच्यात बोळकी आहे. ती डाव्या हातात घालायची. तिला दात नाहीत, डोळ्यांच्या जागी कोटाची दोन बटणे आहेत, आणि ती फक्त घरची भाषा बोलते. उजव्या हातात इस्त्रीराव. त्याची कॉलर कधी चुरगळत नाही आणि शाळेच्या भाषेखेरीज त्याला दुसरी ठाऊक नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना एक भाषा कळते, निम्म्यांना दुसरी. नियम एकच: एकाचे बोलणे दुसऱ्याने कधीही भाषांतर करून सांगायचे नाही. बोळकी मागते एक, इस्त्रीराव आणतो भलतेच. प्रत्येकाच्या हाती अर्धीच गोष्ट लागते, म्हणून मुलांना शेजारच्याकडे वळून विचारावे लागते. त्या वळण्यासाठी तर आपला सगळा खटाटोप.

फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर माणूस घाईने बोलतो आणि त्याहून घाईने ऐकतो. अक्षर तिरके आले आहे, कारण आरामखुर्चीत पाय वर करून लिहिते आहे.

तुझी आत्या


१९ सप्टेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

पेटी पोचली. झाकण उघडल्यावर जुन्या लोकरीचा आणि खडूचा वास आला, आणि बोळकीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच उशिरा आले होते.

तुझा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल तसाच आहे. उंच खिडक्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडतात आणि मुलं एकेका चौकोनात एकेक जण बसतात. तासभरात चौकोन सरकतात, तशी मुलंही बसल्या बसल्या सरकतात. कोणी सांगितलेलं नसतं. तास संपतो तेव्हा अख्खा वर्ग हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि तो तिथे कधी गेला हे कोणालाच माहीत नसतं. तू हे कधी बोलली नव्हतीस.

शेवटच्या चौकोनात एक मुलगी बसते. महिन्याभरापूर्वी आली आहे, तिला फक्त घरची भाषा येते. मी तिला मनात खिडकीवाली म्हणते. ती बोळकीकडे टक लावून पाहते आणि इस्त्रीराव आला की बुटाची लेस सोडते, बांधते, सोडते.

आता अडचण. पेटीतल्या तुझ्या वहीत डाव्या पानांवर बोळकीचं बोलणं ओळीनं लिहिलेलं आहे, आणि सगळी उजवी पानं कोरी. इस्त्रीरावाच्या तोंडी मी काय घालू? पहिल्या बुधवारी मला काहीच सुचलं नाही. पुढे बसलेला एकजण म्हणाला, "हा मुका आहे का?" त्याचा शेजारी म्हणाला, "नाही रे, कॉलरबरोबर त्याच्या घशालाही इस्त्री मारली."

मुख्याध्यापिकाबाई काल म्हणाल्या, "अर्धं कळणं म्हणजे न कळणंच की हो. समितीला मी काय सांगू?" समिती २४ नोव्हेंबरला येणार आहे. तिला पटलं नाही तर बुधवारचा हा तास गणिताच्या सरावाला जाईल, आणि मी परत विम्याच्या अर्जांना. आत्या, मला परत जायचं नाहीये. इस्त्रीरावाची चार वाक्यं तरी लिहून पाठव.

तुझी चिमणी


३० सप्टेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

उजवी पाने कोरी आहेत, कारण इस्त्रीरावाचे बोलणे मी कधी लिहिलेच नाही. ते हातात असे. कोपर जरा वर गेले की तो तोऱ्यात बोले, मनगट पडले की ओशाळून. त्यामुळे वाक्यांच्या मागे लागू नकोस. त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगते.

तू पडद्याआड लपत नाहीस. ओठ तुझे हलतात, बाहुलीचे नाही, हे सगळ्यात पुढच्या मुलालाही स्वच्छ दिसते. तरीही भांडायचे झाले तर ते मूल बाहुलीशी भांडते. का? कारण तू बाहुलीकडे पाहतेस. माणसे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्याची नजर जिथे गेली आहे तिथे पाहतात. पहिल्या वर्षी मी मुलांना मजा येते आहे का, हे बघायला मुलांकडे पाहत असे. मुले माझ्याकडे पाहत, आणि मधल्या मधे बाहुल्यांचे मोजे होऊन जात. हे उमगायला मला अकरा महिने लागले. तू अकरा दिवसांत शीक.

सराव असा कर. एक चमचा घे. त्याला बोलायला लावण्याआधी त्याच्याकडे पाहा. मग एक श्वास थांब. मग बोल. बोलून झाल्यावर चमच्याला दाराकडे वळव आणि तूही दाराकडे पाहा. घरात कोणी असेल तर तेही पाहील, आणि मग विचारील, "कोण आलंय?" तुझ्या बाबांवर हा प्रयोग मी त्यांच्या लहानपणी इतक्यांदा केला, की ते अजून चमचा दिसला की दाराकडे बघतात.

इस्त्रीरावाबद्दल एवढेच म्हणते, की माझ्याकडून तो सध्या काही शिकणार नाही. त्याला थोडे झोपू दे.

तुझी आत्या


१४ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

पाच तारखेला मी तुला इस्त्रीरावाची बारा वाक्यं पाठवली होती, शाळेच्या भाषेत, सुटसुटीत टाइप करून. चुकलं असेल तिथे फुली मार, एवढंच म्हटलं होतं. कागद परत आला. फुली नाही, टिंब नाही, घडीसुद्धा मोडलेली नाही. मागच्या बाजूला तिरक्या अक्षरात "तूच ठरव."

तू माझी परीक्षा घेते आहेस का? तसं असेल तर ती मी माझ्या पद्धतीनं दिली. नऊ वर्षं मी अनुवाद केला आहे, म्हणून अनुवादच केला. बोळकी बोलली की इस्त्रीराव तेच शाळेच्या भाषेत सांगतो, इस्त्रीराव बोलला की बोळकी तेच घरच्या भाषेत. एक शब्द सुटत नाही. शिक्षक खूश आहेत. मुख्याध्यापिकाबाई मागे उभ्या राहून म्हणाल्या, "आता कसं, सगळ्यांना सगळं कळतंय."

खरंच कळतंय. मी प्रश्न विचारले, सगळी उत्तरं बरोबर आली. पण आत्या, कोणी हसलं नाही. बोळकी बोलते तेव्हा निम्मे डोळे खाली जातात, इस्त्रीराव बोलतो तेव्हा उरलेले निम्मे. काल चौकोन सरकले आणि मुलं सरकली नाहीत. तास संपला तेव्हा ती सगळी सावलीत बसली होती.

तुझा नियम मी मोडला, हे मला माहीत आहे. पण ज्यानं नियम केला तो नुसतं "तूच ठरव" म्हणून गप्प बसला तर मी काय करायचं? मी नको होते तर बाबांना तसं सांगायचंस. मी अर्जांत बरी होते.

चिमणी


२ नोव्हेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला चौदा दिवस लागले. कारण क्रमाने सांगते, म्हणजे माझ्याही ध्यानात नीट राहील.

मार्चमधल्या एका सकाळी माझ्या उजव्या हातातून कप सुटला. मी तो उचलायला वाकले, तर हात माझ्याबरोबर आला नाही. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी झाली होती. काही आठवडे माझ्याजवळ कोणतेच शब्द नव्हते. मग घरची भाषा परत येऊ लागली. मैदानावरून पोरे घरी परततात तशी, आधी दोन-तीन, मग एक घोळका, मग रेंगाळत एखादे. लिहिताना ती नीट सापडते, बोलताना अजून अडखळते. म्हणून फोन नको म्हटले. हे पत्र, आणि आधीचीही, मी डाव्या हाताने लिहिली आहेत. आरामखुर्चीवर उगाच आळ घेतला.

शाळेची भाषा मात्र परत आली नाही. येईल किंवा येणार नाही, असे डॉक्टरांचे मत.

तुझा कागद मी उघडला होता, चिमणे. पुन्हा त्याच घडीवर घडी घातली. बारा वाक्ये होती हे मोजून कळले. समोरच्या इमारतीत दिवे लागले आहेत, माणसे एकमेकांशी बोलत इकडून तिकडे जात आहेत, आणि काच बंद आहे, असे ते दिसले. त्या घरात मी एकतीस वर्षे राहिले. भांडी कुठे ठेवली आहेत तेही आठवते. फक्त आवाज येत नाही. मी फुली कुठे मारणार होते?

तुझ्या बाबांना मीच गप्प बसवले. तुला आधी कळले असते तर तू नोकरी माझ्यासाठी सोडली असतीस. मला ती त्या तासासाठी सुटायला हवी होती. ही माझी चूक झाली, कारण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुला तूच लावावा लागला, आणि तो साहजिकच वाईट लागला.

आता जरा उत्साहाचे बोलते. जिच्यासाठी मी इतकी वर्षे खेळ केला, ती शेवटच्या चौकोनातली मुलगी मी याआधी कधीच नव्हते. आता आहे. घरची भाषा येते, शाळेची कळत नाही, आणि तक्रार करण्याइतकी वयाने मोठी आहे. याहून चांगला परीक्षक तुला मिळणार नाही. पेटी घेऊन ये आणि माझ्यासमोर खेळ कर. मला काही सोपे करून सांगू नकोस.

तुझी आत्या


२५ नोव्हेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

समितीचं सांगण्याआधी तुझ्याकडच्या त्या दुपारचं लिहिते, कारण तू तिथे होतीस तरी माझ्या बाजूनं तू ती पाहिली नाहीस.

जिन्यात मला वाटलं होतं की मी रडेन. तू दार उघडलंस आणि फार सावकाश म्हणालीस, "जाड... झालीस." मग रडणं राहूनच गेलं.

मी खेळ सुरू केला. इस्त्रीरावाचा एक शब्दही तुला कळत नव्हता, पण तो छत्री म्हणून झाडू घेऊन आला तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू हसलीस. दुसऱ्यांदाही बरोबर जागी. तिसऱ्यांदा तुझ्या कपाळावर आठी दिसली, आणि मला राहवलं नाही. मी बोळकीकडून त्याचं वाक्य तुझ्या भाषेत सांगून टाकलं. तेवढ्यात तुझे डोळे टेबलावरच्या कपाच्या कानाकडे गेले. पुढच्या वाक्याला, तो तोंड उघडण्याआधीच, ते तिथे जाऊन बसले होते. तू वाट पाहायला लागलीस, आत्या. ऐकायचं थांबलीस. पहिल्या पत्रातला तुझा काटकसरी कान मी प्रत्यक्ष पाहिला, आणि तो तुझाच निघाला.

मग तू इस्त्रीरावाला माझ्या हातातून काढलंस, डाव्या हातानं तुझ्या उजव्या हातावर चढवलंस आणि मांडीवर ठेवलंस. तो तिथे झोपला. कॉलर कडक, मान कलती. आपण दोघी त्याच्याकडे पाहत राहिलो. ऊन टेबलावरून उतरून त्याच्या पायांशी आलं होतं.

काल समितीपुढे मी तेच केलं. तीन जण होते. त्यांतले टायवाले सदस्य आधीच म्हणाले, "मला तुमची ती घरची भाषा येत नाही. भाषांतर नसेल तर मला कसं कळणार?" मी म्हटलं, "बघू या."

इस्त्रीराव झोपलेला. बोळकी त्याला उठवते, अर्थात तिच्या भाषेत. तो उठत नाही. पुढच्या मुलांनी शाळेच्या भाषेत ओरडून पाहिलं, तर त्यानं फक्त कूस बदलली. मी मुलांकडे पाहिलं नाही. मी त्याच्या कॉलरकडे पाहत राहिले. मागून खिडकीवालीनं बोळकीला हळूच सांगितलं, "त्याची कॉलर ओढ." तिच्या पुढची मुलगी वळली आणि तिनं शाळेच्या भाषेत विचारलं, "काय म्हणालीस?" खिडकीवालीला तो प्रश्न कळला नसणार. तिनं स्वतःची कॉलर ओढून दाखवली. मग पुढचीनं आपली ओढली, मग तिच्या शेजारच्यानं, मग चौकोनामागून चौकोन, अख्ख्या वर्गानं. मी मान वर केली तेव्हा टायवाल्या सदस्यांचा हात त्यांच्या कॉलरवर होता.

बोळकीनं कॉलर ओढली. इस्त्रीराव उठला आणि त्यानं सगळ्यांना कपडे नीट ठेवण्यावर भाषण दिलं. आत्या, मुलं हसली. तास संपला तेव्हा सगळी पलीकडच्या भिंतीशी होती, उन्हात.

निकाल: उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तास राहील, पण एकाआड एक बुधवारी. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अर्धा वाचला." मी म्हटलं, "अर्धं म्हणजे काहीच नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात." त्या हसल्या, आणि म्हणाल्या की इतर शिक्षकांना घरी करून बघता येईल अशी एखादी साधी चाचणी तुझ्याकडून लिहून आणावी. बाबांच्या चमच्याचं सोडून.

काल संध्याकाळी तू झोपलेली असताना मी तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हा बोळकी मुद्दाम विसरून आले नव्हते. खरंच विसरले. पण पुढच्या बुधवारपर्यंत राहू दे.

तुझी चिमणी


२० डिसेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

शाबासकी देते. सप्टेंबरपासून राहिली होती.

चाचणीसाठी मी आधी एक प्रयोग केला, तो सांगते. माझ्या हाताचा व्यायाम घ्यायला रोज सकाळी एक बाई येतात. त्यांना शाळेचीच भाषा येते. तुझ्या बाबांनी त्यांना कौतुकाने एक चिठ्ठी करून दिली होती, घरच्या भाषेत: उचला, मिटा, उघडा, सोडा. बाई आधी आपल्या भाषेत सांगत, मग चिठ्ठीवरून माझ्या. आठ महिने मी रोज चिठ्ठीची वाट पाहत होते. ज्या भाषेच्या जाण्याचे मी दुःख करीत होते, ती रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहत होती, आणि तेच पुन्हा सोपे करून मिळणार म्हणून मी तिला आत घेत नव्हते. एकतीस वर्षे जे शिकवले, ते मला स्वतःला लागू करावेसे सुचले नाही.

तुझे पत्र आल्यावर मी बाईंच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि बोळकीच्या आत कोंबली. बाई गोंधळल्या. मी बोळकीला माझ्या उजव्या हाताकडे पाहायला लावले, आणि मीही पाहिले. मग बाईंनीही पाहिले, आणि आपल्या भाषेतला एकच शब्द म्हटला. त्यामागून माझ्या भाषेतले काही आले नाही. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोळाव्या दिवशी त्यांनी तोच शब्द म्हटला, आणि त्याचा अर्थ मला कळण्याआधी माझी दोन बोटे उचलली गेली. शब्द मला अजून म्हणता येत नाही. पण समोरच्या इमारतीतली एक काच बोटभर सरकली आहे, एवढे नक्की.

इस्त्रीरावाला पुढच्या खेपेस घेऊन ये. त्याला माझ्या हातात दोन बोटांपुरती जागा लागेल. वहीची उजवी पाने मात्र कोरीच राहू देत.

आता शिक्षकांसाठी चाचणी. याला काही साहित्य लागत नाही.

घरात ज्याला एक भाषा पक्की आणि एक कच्ची येते, असे कोणीही निवडावे. त्याला सात दिवस एकच काम दोनदा सांगावे, "खिडकी लाव." आधी कच्च्या भाषेत, लगेच पक्क्या भाषेत, रोज त्याच क्रमाने. त्याचे डोळे कोणत्या वाक्याला उठतात, हे रोज पाहावे. आठव्या दिवशी फक्त पहिले वाक्य म्हणावे आणि थांबावे. दुसरे ओठांवर येईल, ते येऊ देऊ नये. त्याच्याकडे पाहू नये. खिडकीकडे पाहावे, आणि मनात पाचपर्यंत मोजावे.

तुझी आत्या